उसन्या टिनमधला केक

शनिवार, २० डिसेंबर, रात्री साडेअकरा

सगळे झोपलेत. दिवसभर उभी असल्यामुळे पाय भरून आलेत पण झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसले. ओट्यावर केक आहे, त्यावर कणीक मळायची मोठी परात पालथी घातलीये, कारण त्या टिनवर बसेल असं झाकणच घरात नाही. दर पाच मिनिटांनी जाऊन परात उचलून बघतेय, आत्ताच बघून आले, छान आहे.

उद्या दुपारी बिल्डिंगचा हॉलिडे पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून एकत्र जेवायचं. गेल्या वर्षी मी दुकानातून शीट केक आणला होता, दिसायला मस्त, पण आयसिंग इतकं गडद की मुलांच्या जिभा संध्याकाळपर्यंत निळ्या होत्या, आणि अंडं असल्यामुळे आमच्याच मजल्यावरच्या दोन घरांनी केकला हातही लावला नाही, समोसा खाल्ला आणि गप्पा मारत बसले. ते कोणी काही बोललं नाही पण मला फार लागलं होतं. तेव्हाच मनात घेतलं की पुढच्या वेळी घरी करायचा, पहिल्यापासून, डब्यातलं तयार मिक्स न घेता, आणि खोलीतल्या प्रत्येकाला खाता येईल असा.

आता इथे न्यू जर्सीत येऊन अकरा वर्षं झाली तरी शीट केक हा प्रकार मी कधी केला नव्हता. मला आधी वाटायचं केक म्हणजे गोल, दोन-तीन थरांचा, स्टँडवर ठेवलेला. शीट केक म्हणजे आपलं घाईचं काम, टिनमध्ये ओतला, टिनमध्येच भाजला, टिनमध्येच आयसिंग लावलं, टिनमधूनच वाढला. बेकरीत फुल शीट असतो तो १८ बाय २६ इंचाचा, तो घरच्या ओव्हनमध्ये जाणारच नाही, हाफ शीट १३ बाय १८, आणि घरी बहुतेक सगळे करतात तो ९ बाय १३, म्हणजे क्वार्टर. माझ्याकडे तेवढा खोल टिन नव्हता. वरच्या मजल्यावरच्या आजींकडे मागायला गेले. त्या इटालियन, इथेच जन्मलेल्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी कपाटातून दोन-तीन टिन काढले आणि त्यातला सगळ्यात जुना माझ्या हातात ठेवला, कडा वाकलेल्या, तळ काळा पडलेला. म्हणाल्या हा घे, नव्या चकचकीत टिनपेक्षा यात रंग चांगला येतो. खरंच आहे ते, काळपट भांडं उष्णता जास्त ओढून घेतं, आपल्या जुन्या तव्यासारखं.

तो टिन घेऊन घरी आले तर सासूबाई बघून म्हणाल्या, "अगं ही तर वड्या थापायची थाळी." आणि मला एकदम पटलं. बर्फी काय, नारळाची वडी काय, आळिवाची काय, आपण तरी दुसरं काय करतो, थाळीला तूप लावायचं, ओतायचं, थापायचं, थाळीतच सुरीने रेघा पाडायच्या. वडी कोणी स्टँडवर ठेवत नाही. वडी घरात किती माणसं आहेत ते मोजून कापतात. तेव्हापासून हा केक मला परका वाटेनासा झाला.

कृती लिहून ठेवते, पुढच्या वर्षी शोधायला नको. मैदा ३ कप, दही २ कप, साखर दीड कप, तेल १ कप, खायचा सोडा १ चमचा, बेकिंग पावडर अडीच चमचे, व्हॅनिला इसेन्स. दही साधं, घरचं चालतं पण फार आंबट नको. दह्यात आधी साखर विरघळवायची, मग सोडा आणि बेकिंग पावडर घालून पाच मिनिटं नुसतं ठेवायचं, वर बुडबुडे येतात, ते आले की समजायचं काम सुरू झालं. मग तेल, इसेन्स, आणि चाळलेला मैदा तीन हप्त्यांत. मैदा पडला की जास्त फेटायचं नाही, फेटलं की चिवट होतो, एवढं एक पाळलं की अंड्यावाचून काही अडत नाही. ओव्हन ३५० फॅरनहाइट, आपलं साधारण १७५ सेल्सिअस, ३५ मिनिटं.

रंगांचं मात्र एवढं सोपं नव्हतं, त्याचंच जास्त लिहायचंय.

लेकीला (वय वर्षं आठ) आतूनही रंगीत केक हवा होता. आणि मला गेल्या वर्षीच्या निळ्या जिभा आठवत होत्या, त्यातून याच वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, इथल्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) खाण्यातल्या लाल रंग नंबर ३ ची परवानगी काढून घेतली, कंपन्यांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिलीये, ते वाचल्यापासून मी प्रत्येक बाटली उलटी करून वाचते. म्हटलं जमेल तेवढं स्वयंपाकघरातलं वापरू. गुरुवारी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, घरात उद्यापन, पुरणाचा घाट, त्यामुळे ट्रायल शुक्रवारी केली. थोड्या पिठात हळद घालून छोट्या वाटीत भाजलं, पिवळाधमक होईल या आशेने. बाहेर आलं तेव्हा पिवळं कुठलं, विटकरी-तांबूस, आणि मध्ये मध्ये लाल ठिपके. मला वाटलं हळदच खराब निघाली. सासूबाई चष्मा लावून बघायला आल्या आणि एका क्षणात म्हणाल्या, "सोडा पडला ना गं, मग हळद लाल होणारच. कुंकू कसं करतात?"

त्यांचं माहेर करमाळ्याकडचं. जवळच केम, केमचं कुंकू ठाऊक नाही असं घर तिकडे सापडायचं नाही. हळदीला चुना लावा नाहीतर लिंबू आणि टाकणखार, ती लाल होते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. आणि मीही पाहिलंय की, हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो, किती वेळा धुतलाय, पण ओव्हनसमोर उभं राहून ते डोक्यातच आलं नाही. मला त्या क्षणी इतकं भारी वाटलं ना, की माझ्या केकच्या वाटीत कुंकू तयार होत होतं! ती वाटी आम्ही दोघींनी चहाबरोबर खाऊन टाकली, चव चांगली होती.

मग ठरवलं की आत केक साधा पांढराच ठेवायचा आणि रंग सगळा वरती, कारण आयसिंगमध्ये सोडाच नसतो. लेक थोडी हिरमुसली, पण वर काय करायचं ते सगळं तू ठरव म्हटल्यावर लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसली. तिने दिव्यांची माळ काढली. आमच्या गल्लीत सगळ्या घरांवर लागल्यात तशी, तारेला रंगीत बल्ब. सध्या इथे साडेचारला अंधार पडतो आणि शाळेतून आणताना ती गाडीतून घरं मोजत येते, कुठलं लागलं कुठलं नाही, त्यामुळे तिला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

आज दुपारी आयसिंग केलं. बिनमिठाचं बटर दोन कांड्या, म्हणजे २२६ ग्रॅम, आणि पिठीसाखर एक पाउंड, ४५४ ग्रॅम. बटर सकाळीच बाहेर काढून ठेवलं होतं पण डिसेंबरातल्या इथल्या घरात ते कुठलं मऊ होतंय, दुपारी बारालाही बोट रुतत नव्हतं. स्टीलच्या पेल्यात उकळतं पाणी भरून, ओतून देऊन, पुसून तो गरम पेला बटरवर पालथा घातला, तीन-चार मिनिटांत बरोबर हवं तसं झालं. वितळवायचं मात्र नाही, वितळलेलं बटर कितीही फेटा त्यात हवा धरत नाही. नुसतं बटरच आधी सात-आठ मिनिटं फेटलं, पिवळं होतं ते फिकट, जवळजवळ सायीसारखं झालं, मग साखर थोडी थोडी घातली, शेवटी दोन चमचे दूध.

माळांच्या मागचा, पार्श्वभूमीचा रंग आम्हाला निळा हवा होता, संध्याकाळच्या आभाळासारखा. निळा जेलचा रंग टूथपिकच्या टोकावर घेऊन घातला आणि ढवळलं तर हिरवट! बटर मुळात पिवळं, पिवळ्यात निळं पडलं की हिरवंच होणार. लेकीचा चेहरा पडला. मग जांभळ्या रंगात टूथपिकचं नुसतं टोक बुडवून ते फिरवलं, एकदाच, आणि तो हिरवेपणा बघता बघता गेला. पुन्हा एकदा बुडवला असता तर सगळं जांभळं झालं असतं, म्हणून हात आवरला. आणखी एक कळलं, रंग थोडा फिकाच ठेवायचा. एक वाटी तासभर झाकून ठेवली होती तर आपोआप गडद झाली. गेल्या वर्षीच्या केकला बहुतेक हेच झालं असावं, गडद दिसेपर्यंत घालत राहिले असतील आणि रात्रीतून तो अजून चढला असेल.

हळद शेवटी कामी आली. एक चिमूट गरम दुधाच्या चमचाभरात भिजवून, गाळून, पांढऱ्या आयसिंगमध्ये घातली, काय सुंदर पिवळा आला, झेंडूचा. वास अजिबात नाही. बीट किसून पिळून त्याचा रस दोन चमचे दुसऱ्या वाटीत, तो गुलाबी, अगदी गुलकंदासारखा. जास्त रस घातला असता तर आयसिंग फुटलं असतं म्हणून लाल होईपर्यंत गेले नाही, गुलाबीच बरा.

केक पूर्ण गार व्हायला दोन तास थांबले, हे सगळ्यात अवघड गेलं. मग पातळ थर, त्यात सगळा चुरा चिकटून बसतो, अर्धा तास फ्रीजमध्ये, मग वरून जाड थर. तार काढायला पायपिंग बॅगचं नोझल फार जाड वाटलं म्हणून बटर पेपरचा कोन केला, मेंदीचा करतो तसा, टोक अगदी थोडंसं कापून, कोको घातलेलं आयसिंग भरलं. हात आपोआप वळला. कॉलेजात असताना गल्लीतल्या सगळ्या लग्नांच्या मेंद्या मी काढायचे, किती वर्षांनी कोन हातात धरला. तीन माळा काढल्या, मध्ये झोळ देऊन, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. खाली एका ओळीत छोटी घरं, पिवळ्या खिडक्यांची. गुलाबीचे ठिपके सगळ्या कडेने. सासूबाई खुर्ची ओढून शेवटपर्यंत शेजारी बसून होत्या, एकदा म्हणाल्या, "डावीकडचं घर जरा वर गेलंय," आणि खरंच गेलं होतं.

बल्ब अजून लावायचे राहिलेत, ते उद्या. बल्ब म्हणजे जेम्स. सासूबाईंनी येताना बॅगेत नातीसाठी जेम्सची पाकिटं आणली होती, हिरवा ठिपका असलेली. दुकानातले स्प्रिंकल्स आम्ही सोडून दिले, बाटलीवर लिहिलं होतं कन्फेक्शनर्स ग्लेझ, म्हणजे लाख, ती किड्यापासून येते आणि ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा केला त्यांना ते चाललं नसतं. जेम्स रात्री लावल्या तर आयसिंगच्या ओलाव्याने रंग ओघळतात, म्हणून सकाळी.

परात परत एकदा उचलून बघते आणि झोपते.

रविवार, २१ डिसेंबर, रात्री

लेक साडेसहाला उठून बसली होती. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या धुवून पुसून दिल्या, त्यात तिने रंगवार जेम्स वेगळ्या केल्या आणि मग एकेक करून तारेखाली लावत गेली, शेजारी शेजारी एक रंग येता कामा नये हा तिचा नियम. श्वास रोखून लावत होती. पाऊण तास लागला. मी एकही लावली नाही, मागितली तरी दिली नसती.

पॉटलकला तीसेक माणसं. मी २४ चौकोनांचा हिशोब करून आले होते, सहा बाय चार, म्हणजे पाच-सहा जणांना कमी पडणार हे मला आधीच टोचत होतं. सुरी सासूबाईंच्या हातात दिली, आणि त्यांनी न विचारता तिरक्या रेघा पाडल्या, काजूकतलीसारख्या! मी आधी दचकले, माळ तिरकी कापली जाणार म्हणून, पण तुकडे लहान आणि जास्त झाले, सगळ्यांना पुरले, आणि कडेने ते तिकोनी उरले. वड्या कापल्या की कडेचे तुकडे मुलांचे, हा आपल्याकडचा कायदाच. सासूबाईंनी हाताने खूण करून खोलीतली सगळी मुलं बोलावली आणि एकेक तिकोन वाटला, इंग्लिश न बोलता. आमच्या मजल्यावरच्या त्या दोन्ही घरांनी केक घेतला. एकीने विचारलं, खरंच अंडं नाही? मी म्हटलं दही. तिने दुसरा तुकडा घेतला आणि नवऱ्यासाठी एक रुमालात बांधून घेतला. मला दुसरं काही नको होतं.

वरच्या आजींनी त्यांच्या रेनबो कुकीज आणल्या होत्या. नाव कुकी, पण असतो केकच, बदामाच्या पेस्टचा, हिरवा-पांढरा-लाल, त्यांच्या झेंड्याचे तीन रंग, प्रत्येक थर वेगळ्या टिनमध्ये भाजून मध्ये जर्दाळूचा जॅम लावून रात्रभर वर वजन ठेवतात, मग चॉकलेट. छोट्या छोट्या आयताकृती कापलेल्या. त्यात अंडं, सासूबाईंनी खाल्ली नाही, पण हातात घेऊन उजेडात धरून तिन्ही थर नीट बघितले आणि मला म्हणाल्या, "वजन ठेवतात म्हणून कडा अशा सरळ आल्यात, विचार त्यांना काय ठेवतात." विचारलं. आजी म्हणाल्या टोमॅटोचे डबे, मोठे. मग दोघी बराच वेळ शेजारी बसल्या होत्या, मी मध्ये मध्ये जाऊन भाषांतर करत होते, नंतर गर्दीत अडकले, परत आले तर दोघींचं माझ्याशिवायच चाललं होतं, आजी बोटांनी थरांची जाडी दाखवत होत्या आणि सासूबाई मान डोलवत होत्या.

टिन रिकामा झाला. कोपऱ्यात एक निळी जेम्स चिकटून राहिली होती, ती लेकीने खाल्ली. घासून पुसून ठेवलाय, उद्या वर द्यायचा. पण भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, सासूबाईंनी फ्रीझरमधून खवलेल्या नारळाचं पाकीट काढून ओट्यावर ठेवलंय.