तुम्ही विचारलंत म्हणून: चुकांनी भरलेल्या चित्रकथा मी का जपतो

घरी येणारे माझे जुने विद्यार्थी कपाटाची काच सरकवतात, दोन-चार अंक चाळतात आणि थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारतात: "सर, मूळ मालिका आता फोनवर हवी तेव्हा पाहता येते. मग तिच्यावरून काढलेल्या ह्या जुन्या चित्रकथा कशाला जपून ठेवता? ह्यांत तर कितीतरी चुका आहेत." परभणीच्या एका शाळेत मी 27 वर्षे चित्रकला शिकवली. प्रश्न चित्रांचा आहे, त्यामुळे त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची अमेरिकन मालिका लागत असे. आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरी होता आणि विजेचा काही भरवसा नव्हता. एंटरप्राइज हे अंतराळयान एखाद्या अनोळखी ग्रहापाशी पोहोचे, यानाचा कॅप्टन कर्क आणि त्याचा अधिकारी स्पॉक खाली उतरत आणि नेमकी लाइट जाई. पुढे काय झाले ते आम्ही मुले ओट्यावर बसून आपापल्या परीने जुळवत असू. माझे मामा रेल्वेत, सिकंदराबादला होते. हैदराबादच्या आबिड्स भागात रविवारी फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथून त्यांनी एकदा रद्दीच्या भावात घेतलेले काही अंक आणले. त्यांत मुखपृष्ठ फाटलेली 'स्टार ट्रेक'ची एक चित्रकथा होती. ती कंदिलाच्या उजेडातही वाचता येत होती आणि शेवटच्या पानापर्यंत कोणी ती मध्येच बंद करू शकत नव्हते.

त्यातली एक चौकट मला आजही तपशिलासह आठवते. काळ्या आकाशातून यान तिरके वर चालले आहे, तबकडीच्या कडेवर पिवळसर उजेड आहे आणि मागच्या दोन लांब नळकांड्यांच्या टोकांतून दिवाळीतल्या बाणासारख्या नारिंगी ज्वाळा निघत आहेत. टीव्हीवर अशी ज्वाळा कधीच दिसली नव्हती. आमचा टीव्ही कृष्णधवल असला तरी एवढे मला नक्की ठाऊक होते. ही चूक आहे हे तेव्हाच कळले. ती का झाली हे कळायला मात्र बरीच वर्षे गेली.

अमेरिकेत ही मालिका 1966 मध्ये सुरू झाली आणि 1967 मध्ये गोल्ड की ह्या प्रकाशनाने तिच्या चित्रकथा काढायला घेतल्या. पहिले अंक नेवियो झेक्कारा ह्या इटालियन चित्रकाराने काढले आणि त्यानंतर बराच काळ ते काम रोममध्ये राहणाऱ्या अल्बेर्तो जोलित्ती ह्यांच्याकडे होते. जोलित्तींनी मालिका पाहिलेलीच नव्हती. प्रसिद्धीसाठी काढलेली छायाचित्रे समोर ठेवून ते रेखाटत. स्थिर छायाचित्रात यानाचा आकार दिसतो, पण ते कशाच्या बळावर चालते हे दिसत नाही. त्या काळी अग्निबाण म्हटला की मागे ज्वाळा असणारच, तेव्हा चित्रकाराने हातात होते तेवढ्या पुराव्यावरून गती दाखवली. वर्गात समोर घडा ठेवला की त्याची न दिसणारी बाजू मुलाला तर्काने पूर्ण करावी लागते. ह्या चित्रकारांनी तेच केले होते. म्हणून त्या ज्वाळेला मी निष्काळजीपणा म्हणत नाही.

सगळ्याच चुका मी अशा पोटात घालत नाही. पहिल्याच अंकाच्या शेवटी स्पॉक यानातून किरणांचा मारा करून एका ग्रहावरची सगळी वनस्पतिसृष्टी नष्ट करतो. पुढे पुनर्मुद्रित संग्रहात ती गोष्ट वाचली तेव्हा मन खट्टू झाले. ज्वाळेत फक्त यंत्राची माहिती चुकली होती. इथे माणूसच चुकला, कारण अनोळखी जीवसृष्टीकडे कुतूहलाने पाहणे हा त्या मालिकेचा प्राण होता.

इंग्लंडची हकीकत आणखी वेगळी. काळात आणि अवकाशात फिरणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या प्रवाशाची बीबीसीची 'डॉक्टर हू' ही मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली आणि वर्षभरात 'टीव्ही कॉमिक' साप्ताहिकात तिची चित्रकथा येऊ लागली. डॉक्टरचे पडद्यावरचे सोबती त्या पानांवर नव्हते, म्हणून जॉन आणि गिलियन ही दोन नवी नातवंडे निर्माण झाली. डॅलेक ह्या यंत्रदेही शत्रूंचे हक्क लेखक टेरी नेशन ह्यांच्याकडे होते. त्यामुळे 'टीव्ही कॉमिक'मध्ये सुरुवातीला डॅलेकही नव्हते आणि त्यांच्या जागी ट्रॉड नावाचे यंत्रमानव आणावे लागले. डॅलेक त्याच काळात दुसऱ्याच साप्ताहिकात, 'टीव्ही सेंच्युरी 21'च्या एका रंगीत पानावर, डॉक्टरशिवाय राज्य करत होते. जानेवारी 1965 पासून दोन वर्षे, 104 आठवडे, ती कथा चालली. आठवड्याला एकच पान, आणि त्या एका पानात नगरे, आरमारे आणि सोनेरी, अवाढव्य डोक्याचा डॅलेक सम्राट मावत असे. बीबीसीच्या तुटपुंज्या खर्चात एवढा पसारा उभा राहणे शक्य नव्हते. चित्रकाराला मात्र दहा डॅलेक काढायचे काय आणि हजार काढायचे काय, कागद आणि शाई तेवढीच लागणार. डॅलेकांचे पहिले यंत्र यार्व्हेलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने घडवले, असे ती कथा सांगते. 1975 मध्ये टीव्हीने तो मान डाव्ह्रॉस ह्या दुसऱ्याच शास्त्रज्ञाला दिला. पडद्याचे म्हणणे तेवढे खरे धरून यार्व्हेलिंगला खोटा ठरवणारे वाचक आहेत. मला ते पटत नाही.

न पटण्याचे कारण आमच्या पैठणात आहे. चित्रकथी पोथीतली सुटी चित्रे एकेक करून समोर धरत आणि रामायण-महाभारतातली आख्याने गाऊन सांगत. ती चित्रे रंगवणाऱ्याने लंका कुठे पाहिली होती? त्याचे योद्धे ताठ, एका बाजूने दिसणारे आणि टपोऱ्या डोळ्यांचे. ते संस्कृत ग्रंथाशी तंतोतंत जुळतात की नाही हे विचारत कोणी ऐकायला बसत नसे. मोठी कथा एकदा लोकांत गेली की ती सांगणारे अनेक होतात, आणि प्रत्येकाच्या हातातले साधन वेगळे असल्यामुळे कथेची वेगळी बाजू उजळते. चित्रकथीकडे पाहताना हे आपल्याला सहज उमगते. मग रोममधल्या चित्रकाराला वेगळा न्याय का लावावा?

दुसरे असे की, पडदा बंद पडला तेव्हा कथा ह्या कागदांनीच चालू ठेवली. 'स्टार ट्रेक' 1969 मध्ये 79 भागांनंतर थांबली, पण गोल्ड कीचे अंक 1979 पर्यंत निघत राहिले. 'डॉक्टर हू' 1989 मध्ये बंद झाली आणि 2005 मध्ये परतली. मधल्या काळात 1996 चा एक टीव्ही-चित्रपट तेवढा आला. 1979 मध्ये सुरू झालेल्या तिच्या नियतकालिकात मात्र चित्रकथा त्या सगळ्या वर्षांत येत होती.

त्याच नियतकालिकात 1980 साली पॅट मिल्स आणि जॉन वॅग्नर ह्यांनी लिहिलेली आणि डेव्ह गिबन्स ह्यांनी रेखाटलेली 'द स्टार बीस्ट' ही कथा आली. तिच्यातला बीप हा केसाळ, टपोऱ्या डोळ्यांचा, उचलून घ्यावासा वाटणारा परग्रहवासी प्रत्यक्षात क्रूर निघतो. गिबन्स ह्यांनी त्याचे डोळे इतके निरागस काढले आहेत, की पुढे काय होणार हे ठाऊक असूनही आपण दर वेळी फसतो. नोव्हेंबर 2023 मध्ये, मालिकेला 60 वर्षे झाली तेव्हा, ह्याच कथेवरून टीव्हीसाठी विशेष भाग तयार झाला. तो पाहताना जुन्या चौकटींचा संग्रह मी मांडीवर उघडा ठेवला होता. बीप पडद्यावर आला, तेव्हा मी भाग थांबवला, गिबन्स ह्यांचे पान शोधले आणि पडद्यावरचे डोळे कागदावरच्या डोळ्यांशी जुळतात का ते पाहिले.