बटाट्याची ओली कूज: जिवाणू किती, की त्यांचं विकर किती?

मंडळी, ओल्या कुजीचे जिवाणू विकरं (एन्झाइम) सोडून बटाटा मऊ पाडतात. त्यासाठी त्यांची गर्दी जमावी लागते का, हे बटाट्याच्या चकत्यांवर पाहण्याचं काम थोडं पुढे सरकलंय. असे जिवाणू असलेला सडक्या गाजराचा रस कापडातून गाळला, दहा, शंभर आणि हजार पट पातळ केला आणि एकाच बटाट्याच्या चकत्यांवर थेंब थेंब सोडला. तुलनेसाठी एका चकतीवर साधं पाणी, दुसरीवर उकळलेला रस. या दोन्ही ठणठणीत राहिल्या. दहा पटवाली दुसऱ्याच दिवशी बोटाने दाबली की खचत होती. हजार पटवाली मात्र बराच वेळ नुसती तपकिरी पडून होती आणि मग एकदम बसली.

लगेच ‘कोरम सेन्सिंग!’ (म्हणजे जिवाणूंनी संकेत-रेणू सोडून आपली गर्दी किती ते ओळखणं आणि ती पुरेशी झाली की एकदम कामाला लागणं) म्हणायचा मोह होतो. पण थोड्या जिवाणूंना वाढायला वेळ लागणारच, त्यामुळे नुसत्या उशिराने काही सिद्ध होत नाही. खरा पुरावा 1993 सालचा आहे. ओली कूज घडवणाऱ्या पेक्टोबॅक्टेरियम या जिवाणूचं (तेव्हाचं नाव एर्विनिया) संकेत-रेणू तयार करणारं जनुक बिघडवलं, तर त्याची विकरं आटली आणि कूज घडवण्याची ताकदही गेली. तोच रेणू बाहेरून दिला तर दोन्ही परत आली. म्हणजे जिवाणू हजर असूनही रोग नाही! गर्दी जमेपर्यंत थांबण्यात त्यांचा फायदा दिसतो: पेशींना जोडणारं पेक्टिन तुटलं की त्याचे तुकडेच झाडाला सावध करतात. मूठभर जिवाणूंनी आधीच विकर सोडलं, तर नुसता गाजावाजा होणार.

ओल्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या चकत्या उघड्यांपेक्षा लवकर गेल्या. यात नवल नाही. जखम भरायला बटाट्याला प्राणवायू लागतो, या जिवाणूंचं त्याच्याशिवायही भागतं.

आता खरी अडचण. गाजराच्या रसात जिवाणूंसोबत तयार विकरंही असतात, आणि उकळल्यावर दोन्ही संपतात. त्यामुळे उकळलेल्या रसाची तुलना अर्धवटच ठरते. शिवाय सडक्या रसात एकच जात असेल असं धरून चालणं भाबडेपणाचं.

पुढच्या फेरीत रस 0.22 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढणार आहे. जिवाणू अडकतील, विकरं बहुतेक पार होतील. थेंबाखालचा भाग मऊ पडला पण कूज पुढे पसरली नाही, तर दहा पटवाल्या चकतीच्या घाईत तयार विकरांचा वाटा किती, याचा अंदाज येईल. चकत्या मात्र कंपोस्टमध्ये टाकू नका. उकळा, मगच फेका. वास भयंकर येतो, खिडकी उघडी ठेवा.