आठ मिलिमीटरची नोंद

वाईतल्या माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बहुतेक गाड्या पाचगणीला जाणाऱ्या पसरणी घाटाने वर-खाली करतात, त्यामुळे ब्रेकच्या कामात आपली नजर चुकत नाही, असे मी वीस वर्षे मानत आलो होतो. पावसाळ्यापूर्वी एक निवृत्त शिक्षक आपली वॅगनआर तपासायला घेऊन आले. पुढचे पॅड त्यांनी वर्षभरापूर्वी परगावी बदलून घेतले होते. मी चाक उतरवले आणि कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, खिडकीतून पाहिले. नव्या पॅडवर साधारण दहा मिलिमीटर मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, असतो, इथे आठ शिल्लक होता. वहीत ‘8 मिमी, ठीक’ असे लिहून मी गाडी परत दिली.

तीन आठवड्यांनी गुरुजींचा फोन आला. पत्नी आणि दोन नातवंडांसह पाचगणीहून उतरताना शेवटच्या वळणांवर गाडी आवरेनाशी झाली होती. त्यांनी पहिला गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटाराला चाक घासत गाडी उभी केली. कोणालाही खरचटलेसुद्धा नाही. हँडब्रेक केबलने मागच्या चाकांच्या ड्रममधल्या शूवर (आतून घासणाऱ्या ब्रेकपट्ट्यांवर) चालतो आणि ते शू पुढच्या पॅडइतके तापलेले नव्हते, म्हणून तो कामी आला.

मी सर्वांत आधी एकच प्रश्न विचारला : पॅडल खाली जात होते की घट्ट होते? ते म्हणाले, “दगडावर पाय ठेवावा तसे घट्ट होते, दाबतोय, पण गाडी थांबेना.” ब्रेक ऑइल उकळले असते तर त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पॅडल मऊ पडले असते आणि तळाला गेले असते. पॅडल घट्ट राहून ब्रेक लागत नाही, तेव्हा दोष बहुधा पॅडच्या मसाल्यात असतो. तरीही मी ऑइल तपासले, कारण डॉट 3 दर्जाचे ब्रेक ऑइल कोरडे असताना 205 अंशांना उकळत असले, तरी ओलावा शोषल्यावर ते 140 अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइल चांगले होते. मग पॅड बाहेर काढले. मसाला अजून जवळजवळ आठ मिलिमीटर होता, पण पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता, कडा करपून भुसभुशीत झाल्या होत्या आणि डिस्कवर निळसर छटा आली होती.

हा घाट साधारण बारा किलोमीटरांत जवळजवळ सहाशे मीटर उतरतो. भरलेली छोटी गाडी इंजिनाची, म्हणजे खालच्या गिअरची, मदत न घेता केवळ ब्रेकवर उतरवली, तर ब्रेकमध्ये निर्माण होणाऱ्या उष्णतेत दीडएक लिटर पाणी उकळून पूर्ण आटेल. गुरुजी तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरले होते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही जुन्या चालकांची शिस्त आता फारशी दिसत नाही आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे तर मला रोज भेटतात. मात्र सगळा दोष गुरुजींवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण चांगल्या पॅडने एवढी चूक बहुधा सोसली असती.

त्या पॅडच्या कडेवर ना बनवणाऱ्याचे नाव होते, ना घर्षणाची दोन अक्षरे. या अक्षरांतले पहिले अक्षर कमी तापमानाची पकड सांगते आणि दुसरे जास्त तापमानाची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक (पकडीचे माप) 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45. अक्षरे छापली म्हणून माल उत्तम ठरत नाही, पण ज्या पॅडवर काहीच नाही तो घाटातल्या गाडीला लावू नये, असे माझे ठाम मत आहे. गिऱ्हाईक मला ‘किती किलोमीटर चालतील?’ एवढेच विचारते. कडक मसाल्याचा पॅड खूप किलोमीटर चालूही शकतो आणि तापल्यावर पकडही सोडू शकतो. हे ठाऊक असलेले दुकानदारसुद्धा शंभर-दोनशे रुपयांच्या फरकासाठी गप्प बसतात, याची मला चीड येते.

गुरुजींनी जास्त धातू असलेले, आणखी ‘दमदार’ पॅड सुचवले. मी नको म्हटले, कारण त्यांची बहुतेक धाव गावातली आहे आणि असे पॅड डिस्क लवकर खातात. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्याच दर्जाचे पॅड बसवले. डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापाशी ताडली. ती पुरेशी होती. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना काढून साफ केल्या आणि त्यांना उष्णता सोसणारे ग्रीस लावले. मग सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत, मध्ये थंड होऊ देत, दहा वेळा ब्रेक लावून पॅड डिस्कवर बसवले.

त्या रात्री मी वही उलगडली. गेल्या चार महिन्यांत ‘ठीक’ लिहिलेल्या अकरा गाड्या अशा निघाल्या, ज्यांचे पॅड मी बसवलेले नव्हते आणि मी ते बाहेर काढून पाहिलेही नव्हते. त्यांतल्या सात जणांना फोन करून गाड्या परत बोलावल्या आहेत. दोघांचे क्रमांक बदलले आहेत आणि उरलेल्या दोघांचे म्हणणे असे, की पॅड भरपूर जाड आहेत, हे तुम्हीच तर सांगितले होते.