गोमुखापासून प्रीतिसंगमापर्यंत: कृष्णेच्या फाट्यांचा माग

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री एकाच गोमुखातून पडतात. बहुतेक लोक तिथे हात जोडून परत फिरतात. पण गोमुखात कुठलं पाणी कुणाचं हे कळत नाही. ते कळतं डोंगराच्या कडेवर आणि खाली संगमांवर. त्यासाठी दोन पूर्ण दिवस आणि स्वतःची गाडी हवी. आम्ही ही फेरी नोव्हेंबरात केली, आणि तोच महिना सुचवू. पावसाळ्यात धुक्यात दरी दिसतच नाही, मार्चनंतर हवा धुरकट होते.

पंचगंगेजवळच, थोडं चालत गेल्यावर कृष्णाबाईचं मंदिर लागतं. ते चुकवू नका. काळ्या दगडाचं, शेवाळलेलं, बहुधा निवांत. इथे लहानशा गोमुखातून कृष्णेची धार कुंडात पडते आणि समोर तिचंच खोरं उघडतं. फरशी ओली असते, अनवाणी सावकाश चाला.

तिथून ऑर्थर सीट, कड्यावरचा पॉइंट. सकाळी नऊच्या आत पोहोचा. ऊन चढलं की दरीतून वाफ उठते. एका बाजूला सावित्रीची उघडी, खोल दरी. हे पाणी पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जातं. दुसऱ्या बाजूला जोर गावाकडचं दाट जंगल. ते पाणी कृष्णेचं, बळकवडी आणि धोम धरणांतून वाईला जाणारं आणि सुमारे 1,400 किलोमीटरनंतर बंगालच्या उपसागराला मिळणारं. पाणलोटाची रेषा इतकी अरुंद क्वचितच दिसते. माकडं हातातल्या पिशव्या ओढतात, खाऊ गाडीतच ठेवा. धोमचा जलाशय मात्र पाचगणी रस्त्यावरून आत असलेल्या केट्स पॉइंटवरून नीट दिसतो.

वेण्णेसाठी वेगळा दिवस काढायची गरज नाही. वेण्णा तलाव, मग लिंगमळ्याचा धबधबा (फेब्रुवारीपर्यंत अगदी बारीक होतो), पुढे ती मेढ्यावरून कण्हेर धरणात शिरते.

दुसऱ्या दिवशी कोयना. ही नदी हट्टी आहे: सह्याद्रीला समांतर साधारण 65 किलोमीटर दक्षिणेला जाते आणि हेळवाकपाशी एकदम पूर्वेला काटकोनात वळते. तापोळ्याला सोळशी तिला मिळते, पण आता दोन्ही कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहेत, त्यामुळे संगम म्हणून दिसतात त्या फक्त पाण्याच्या दोन लांब बाह्या. तापोळ्याहून बार्जवर गाडी चढवून बामणोलीकडे जाता येतं आणि कास पठारावरून साताऱ्यात उतरता येतं. बार्ज अंधारात चालत नाही आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की धक्का सरकतो, म्हणून आदल्या दिवशी गावात विचारून ठेवा आणि दुपारी दोनच्या आत धक्क्यावर असा. इंधन महाबळेश्वरातच भरा, मोबाइलवरचा नकाशा आधी उतरवून ठेवा.

धरणामुळे कोयनेचा स्वभावही बदलला आहे. साठ्यातलं बरंच पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहात जातं आणि वाशिष्ठीतून चिपळूणकडे वाहतं. पूर्वेला जाणारी नदी अशी अर्धी कोकणाची झाली आहे.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा कृष्णेत मिसळते. विश्वेश्वर मंदिराच्या घाटावरून दोन्ही पात्रं दिसतात. पुढे उंब्रजला तारळी मिळते आणि कराडला प्रीतिसंगम. कृष्णा-कोयना इथे समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून एक होतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी याच काठावर आहे. धरणातून विसर्ग सुरू असेल तर पात्रात उतरू नका, पाणी न गर्जता चढतं.

नावाचा एक घोळ नेहमी होतो. महाबळेश्वरची पंचगंगा म्हणजे पाच उगमांचं मंदिर. कोल्हापूरची पंचगंगा ही वेगळीच नदी, ती नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. गाडी भाड्याने ठरवताना चालकाला गावाचं नाव सांगा, नदीचं नको.