ब्रेमेनच्या शीतगृहातला समुद्र

जर्मनीतल्या ब्रेमेनला येणारे बहुतेक जण बाजारचौकातला रोलांडचा पुतळा बघतात आणि पुढच्या गावाला निघतात. मी स्टेशनसमोरून ६ नंबरची ट्राम धरली आणि थेट विद्यापीठ गाठलं. तिथे ‘मारुम’ या समुद्र-संशोधन संस्थेत समुद्रतळातून काढलेल्या गाळाचे लांबलचक कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेले दंडगोल, जपून ठेवले आहेत. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी झपाट्याने तापली, तेव्हा समुद्राच्या खोल प्रवाहांचं काय झालं हे ज्या गाळावरून कळतं, तो डोळ्यांनी बघायचा होता. परवानगी आधीच मागून ठेवली होती.

आत ४ अंश तापमान. छतापर्यंत रॅक, त्यांत दीड-दीड मीटरच्या नळ्या. सगळ्या एकापुढे एक ठेवल्या तर दीडशे किलोमीटरच्या वर जातील. प्रत्येक कोअर उभा चिरलेला असतो. एक अर्धा भाग जसाच्या तसा राखून ठेवतात, दुसऱ्यातून संशोधकांना नमुने देतात.

तिथल्या बाईंनी टेबलावर दुसरा अर्धा भाग आणून ठेवला. “हात लावू नका, पण जवळ येऊन बघा.” २००३ साली ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ जहाजाने नामिबियाच्या पश्चिमेला, वॉल्व्हिस रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेवर ड्रिलिंग करून आणलेला हा गाळ. खाली फिकट, चुनखडीयुक्त चिखल. मग अचानक, सुरीने रेघ मारावी तशी तांबूस-तपकिरी चिकणमाती. त्याच्या वर रंग हळूहळू फिकट होत जातो. चिकणमातीच्या पट्ट्यात जागोजागी, नमुने काढून झालेल्या खड्ड्यांत, स्पंजचे तुकडे खोचलेले दिसले; तिथले नमुने जगभरच्या प्रयोगशाळांत गेलेत. हा पट्टा सगळ्यांनाच हवा असतो, त्यामुळे आता तो फार जपून देतात.

समुद्राने प्रचंड कार्बन डायऑक्साइड शोषला, पाणी आम्लाकडे झुकलं, तळावरची चुन्याची कवचं विरघळली आणि उरली ती माती. इतकं नुसत्या डोळ्यांनी कळतं. प्रवाहांची गोष्ट मात्र कवचांच्या आत दडलेली असते, आणि माझ्या मते या सगळ्या संशोधनातली सर्वांत सुंदर युक्ती तीच आहे.

पृष्ठभागावरचं पाणी थंड किंवा खारट होऊन जड झालं की बुडतं आणि तळाशी दूरवर सरकत जातं. वाटेत वरून पडणारे सेंद्रिय अवशेष त्यात कुजतात, त्यांतला हलका कार्बन (कार्बन-१२) पाण्यात मिसळतो. म्हणजे पाणी बुडून जितका जास्त काळ लोटला, तितका त्यात हलका कार्बन जास्त. तळावर राहणारे फोरॅमिनिफेरा हे सूक्ष्म जीव त्याच पाण्यातून कवच बांधतात. वेगवेगळ्या महासागरांतली एकाच काळातली कवचं शेजारी ठेवली, की पाणी कुठे बुडत होतं आणि कुठे चाललं होतं ते उलगडतं.

फ्लाविया नुनेस आणि रिचर्ड नॉरिस यांनी २००६ साली १४ ठिकाणच्या कवचांची अशी तुलना केली. तापमानवाढीपूर्वी खोल पाणी दक्षिण गोलार्धात तयार होत होतं; वाढ सुरू होताच हे केंद्र उत्तरेकडे गेलं. बदल काही हजार वर्षांत झाला, निदान ४०,००० वर्षं टिकला आणि घडी पूर्ववत बसायला आणखी सुमारे १ लाख वर्षं लागली. दक्षिणेकडचं पाणी तापलं, पावसाने गोडं झालं, तर ते बुडणार कसं? कारण मला पटतं. पण माशांच्या जीवाश्म दातांतलं निओडिमियम, पाणी कुठून आलं हे सांगणारं मूलद्रव्य, वेगळी साक्ष देतं: त्यावरून दक्षिणेच्या पाण्याचं वर्चस्व कायम राहिल्यासारखं दिसतं. हा वाद मिटलेला नाही, आणि प्रवाह पूर्ण उलटले असं छातीठोकपणे लिहिणाऱ्यांनी या दातांचीही दखल घ्यायला हवी.

तळाचं पाणी सुमारे ५ अंशांनी तापलं होतं. खोल समुद्रातल्या फोरॅमिनिफेराच्या तीस ते पन्नास टक्के जाती त्या काळात कायमच्या गेल्या. कोट्यवधी वर्षं टिकून राहिलेले हे जीव. त्या रेघेपाशी नजर पुन्हा पुन्हा अडकत होती.

ब्रेमेनला जमणार नसेल तर स्पेनमधल्या बास्क किनाऱ्यावर झुमाइया गाठा. तिथल्या इत्सुरुन किनाऱ्यावरच्या कड्यात याच काळाचा चिकणमातीचा थर उघडा पडला आहे, आणि तो बघायला कुणाची परवानगी लागत नाही. ओहोटीची वेळ मात्र आधी बघून जा. भरतीला कड्यापाशी पोहोचता येत नाही.