आधी कागद, मग ग्राइंडर : आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपची सुरुवात डेंटिंग-पेंटिंगपासून झाली. अपघातात चेपलेली गाडी पुन्हा मूळ मापात आणायची, हेच काम. दरवाजांच्या फटी, चासीची तिरकी मापं, चाकांची अलाइनमेंट, सगळं कंपनीच्या आकड्यांशी जुळलं की मगच गाडी बाहेर. पुढे वेगळ्याच गाड्या येऊ लागल्या. कुणी हौसेनं खाली बसवलेली, कुणी फेंडर (चाकावरचा पत्रा) रुंद केलेली. दिसायला देखणी, पण तपासणीत नापास. मालक म्हणायचे, ‘काहीही करून पास करून द्या.’ आम्ही आधी नापास का झाली ते शोधायला बसायचो, आणि त्या शोधातच नियमात बसतील असे बदल गाड्यांत करून देण्याच्या या कामाची गोडी लागली.

बहुतेक गाड्यांच्या स्प्रिंगा कापलेल्या असायच्या. काम करणाऱ्या ५ वेढ्यांतला १ कापला की स्प्रिंग २५ टक्के कडक होते, हे साधं गणित. खरा धोका वेगळाच आहे. चाक खड्ड्यात लटकलं की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. म्हणून गाडी लिफ्टवर घ्यायची, चाकं मोकळी सोडायची आणि स्प्रिंग हातानं हलवून पाहायची. ती सैल लागली तर पुढचं काही तपासायची गरजच उरत नाही. त्याच वेळी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जातो का, टायर कुठे घासतो का, हेही पाहून घेतो.

याहून फसवा प्रकार मागच्या ब्रेकचा. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. बॉडी ॲक्सलच्या जवळ आली की गाडीत वजन भरलंय असं धरून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी नुसती खाली बसवली आणि त्या व्हॉल्व्हचा दांडा पुन्हा सेट केला नाही, तर रिकाम्या गाडीलाही भरलेल्या गाडीइतका दाब मिळतो. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. वर्कशॉपच्या दारात उभ्या गाडीत हे कधीच दिसत नाही. नियम जाचक वाटतात अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हा व्हॉल्व्ह दाखवतो.

बॉडीच्या कामातही असंच. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनांसाठीच्या नियम क्र. २६ प्रमाणे बाहेर आलेल्या कडक भागांच्या कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर हवी, कारण त्या कडेला उद्या कुणाचा तरी पाय लागणार असतो. नियम क्र. ४८ मध्ये डिपर दिव्याची (खाली झोत टाकणाऱ्या हेडलाइटची) खालची कड जमिनीपासून निदान ५०० मिलिमीटर वर लागते. खूप खाली बसवलेली गाडी इथेच अडकते. उंची बदलली की दिव्यांचा रोखही बदलतो, म्हणून तो पुन्हा लावावाच लागतो.

देशागणिक कायदा वेगळा, त्यामुळे आमचा पहिला प्रश्न असतो, गाडीची नोंदणी कुठली? जर्मनीत बदलामुळे धोका संभवत असेल तर गाडीची मूळ परवानगीच रद्द होते. मान्यताप्राप्त तपासनीसाकडून बदल मंजूर करून घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये मोनोकॉक सांगाडा (बॉडी आणि चासी एकच असलेला) कापला तर २०२५ पर्यंत नवी तपासणी आणि क्यू अक्षराची नंबरप्लेट लागायची. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ फार कडक आहे : नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जिथे कायदा ‘नाही’ म्हणतो तिथे आम्हीही ‘नाही’च म्हणतो. त्यापायी गिऱ्हाइकं गेली आहेत, पण हा निर्णय आम्ही बदललेला नाही.

या सगळ्यातून आमची पद्धत ठरत गेली. आता ड्रॉइंग आणि स्प्रिंगचे आकडे अभियंत्याला दाखवून लेखी होकार आल्याशिवाय ग्राइंडर सुरू होत नाही. चारही चाकांवरचं वजन कामाआधी आणि कामानंतर घेतो. प्रत्येक वेल्डचा फोटो रंगाआधी काढतो, कारण रंगाखालचा वेल्ड तपासनीस पाहू शकत नाही आणि न दिसलेल्या वेल्डवर त्यानं सही का करावी? बी-पिलरमधल्या (पुढच्या-मागच्या दरवाजांमधल्या खांबातल्या) बोरॉन स्टीलला तर आम्ही आच लावतच नाही. तापलं की त्याची ताकद जाते आणि ती परत येत नाही.

हल्ली निम्मा वेळ कॅमेरे आणि रडारपाशी जातो. गाडीची उंची बदलली की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा समोरचा रस्ता वेगळ्या कोनातून पाहते. ती पुन्हा कॅलिब्रेट करता येत नसेल, तर त्या गाडीचं सस्पेन्शन आहे तसंच ठेवायला सांगतो.

गाडी दाखवायला येताना नोंदणीचे कागद आणि आधीच्या बदलांची बिलं बरोबर आणा. बसवलेल्या स्प्रिंगवरचा पार्ट नंबर पुसला गेला असेल तर तेही आधीच सांगा. ती स्प्रिंग आम्हाला मोजून घ्यावी लागते.