व्होस्तोक-१ ची पुनर्गणना, नोंद सातवी: हरवलेले तीन अंश सापडले

शारिक, म्हणजे युरी गागारिन यांच्या व्होस्तोक-१ यानाचा परतीचा गोळा, संगणकावरच्या गणनात अखेर व्होल्गाकाठी उतरला! गेल्या तीन नोंदींत तो हट्टाने ४२.७° पूर्व रेखांशावर, नदीच्या बराच पश्चिमेला पडत होता. आता ४५.६° वर येतो. गागारिन उतरले ती स्मेलोव्काजवळची जागा ५१.२७° उत्तर, ४५.९९° पूर्व. म्हणजे उरला फरक २५-३० किमी. फक्त उड्डाणाची जागा, वेळ आणि छापील कक्षा एवढ्यावर इथवर पोचणं मोठी गोष्ट आहे.

कसोटी जुनीच: डेल्टा-व्ही (ब्रेक इंजिनाने वेगात केलेली घट) किंचित हलवून उतरण्याचा अक्षांश ५१.२७° वर आणायचा आणि मग रेखांश वाचायचा. मार्गाच्या दिशेतली चूक डेल्टा-व्ही किंवा ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या रोधाचा, गुणांक पोटात घालतो, आडवी चूक लपत नाही. म्हणून खरा परीक्षक रेखांश.

तीन अंशांचा शोध पुढीलप्रमाणे घेतला. आधी जे-२ (पृथ्वीच्या विषुववृत्ताजवळच्या फुगवट्याचा परिणाम) बंद करून पाहिलं. त्याने नोड (कक्षा विषुववृत्त ओलांडून उत्तरेला जाते तो बिंदू) दिवसाला ३.७° पश्चिमेकडे सरकतो, पण १०८ मिनिटांत तो पाव अंशाच्या आसपासच, म्हणजे तो गुन्हेगार नव्हे. शारिकचा ड्रॅग गुणांक ०.८ ते १.१ फिरवला (वस्तुमान २,४६० किलो, व्यास २.३ मी): गोळा मागेपुढे पडतो, बाजूला नाही. सायपाय या पायथन संचातल्या सॉल्व्ह-आयव्हीपी या समीकरणं सोडवणाऱ्या फंक्शनची सहनमर्यादाही तपासली. तिचा मूळ आरटोल (सापेक्ष चुकीची मुभा) १०⁻³ कक्षेच्या कामाला अजिबात चालत नाही. डीओपी८५३ ही पद्धत आणि १०⁻¹⁰ ठेवा, आणि ब्रेक इंजिन सुरू-बंद होण्याच्या क्षणी गणन तोडून नव्याने सुरू करा, नाहीतर पायरी त्या क्षणावरून उडी मारून जाते. एवढं करूनही रेखांश ढिम्म.

धागा सापडला तो गणन ७ किमी उंचीवर, जिथे गागारिन आसनासह बाहेर फेकले गेले तिथेच थांबवल्यावर. तिथे फरक जेमतेम अर्धा अंश होता. उरलेले अडीच अंश पॅराशूटखालच्या दहाएक मिनिटांत वाढत होते! वारा शून्य धरलेला असताना पॅराशूट सरळ खाली यायला हवं. ते पश्चिमेला सरकत होतं, कारण ड्रॅगच्या फंक्शनमध्ये इनर्शियल (ताऱ्यांच्या संदर्भातला) वेग तसाच घातला होता. हवा पृथ्वीबरोबर फिरते हे त्या ओळीला ठाऊकच नव्हतं. कक्षेत पावणेआठ किमी/से पुढे ही चूक दिसत नाही: ५१° अक्षांशावर हवेचा वेग २९० मी/से, चार टक्केही नाही. पण गोळ्याचा वेग संपला की तो ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर होतो आणि खालची जमीन पूर्वेला निघून जाते. १२ मिनिटांत २०९ किमी, म्हणजे बरोबर तीन अंश.

दुरुस्ती दोन ओळींची. ओमेगा, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा वेग, ७.२९२ × १०⁻⁵ रेडियन/से. एक्स-वेगात ओमेगा गुणिले वाय मिळवा, वाय-वेगातून ओमेगा गुणिले एक्स वजा करा, झेड तसाच ठेवा. ड्रॅगची किंमत आणि दिशा दोन्ही याच सापेक्ष वेगाने काढा. नुसती किंमत बदलली तर चूक अर्धवट राहते.

याच झटक्यात ब्रेक लावण्याची जागाही जुळली. नोड उड्डाणावरूनच काढतो: उड्डाणतळ बैकोनूर ४५.९२° उत्तर, कक्षेचा कल ६४.९५°, त्यावरून इनर्शियल दिगंश (उत्तरेपासून मोजलेली दिशा) ३७.५° (फिरत्या जमिनीवरून ३५.६°), आणि उड्डाणाच्या क्षणी, ०६:०७ यूटीला (जागतिक वेळ), नोडचा विषुवांश (आकाशातला रेखांश) ३२६.४°. अडचण उंचीची होती. छापील कक्षेच्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंचीत, १८१ × ३२७ किमीमध्ये, ६,३७८ ही विषुववृत्तीय त्रिज्या मिळवली की आवर्तकाळ ८९.५८ मिनिटं येतो. छापील आकडा ८९.३४. कक्षेत शिरण्याची जागा ६१° उत्तरेजवळची, पेरिजी (कक्षेचा सर्वांत खालचा बिंदू) तिथेच धरला आहे, आणि अपोजी (सर्वांत वरचा) तेवढ्याच दक्षिणेला. दोन्हीकडे स्थानिक त्रिज्या ६,३६२ च्या आसपास. ती घेतली की ८९.२६. हा १९ सेकंदांचा फरक पाऊण फेरीत ११० किमी होतो. तास या सोव्हिएत वृत्तसंस्थेने आधी जाहीर केलेले १७५ × ३०२ आणि ८९.१ मिनिटं मात्र ६,३७१ या सरासरी त्रिज्येने जुळतात, हेही नोंदवून ठेवा. आता ०७:२५ यूटीला यान १३.६° दक्षिण, ८° पूर्व इथे, अंगोलाच्या किनाऱ्याबाहेर दिसतं.

ब्रेक इंजिन टीडीयू-१: १५.८३ किलोन्यूटन, ४,७२५ किलोवर त्वरण ३.३५ ने सुरू होऊन ३.५ मी/से² पर्यंत जातं. ते सेकंदभर आधी बंद पडलं आणि १३६ ऐवजी १३२ मी/से मिळाले, या हिशेबाशी हे चांगलं बसतं. उपकरणकक्ष (शारिकला जोडलेला इंजिनाचा भाग) दहा मिनिटं उशिरा सुटला त्याचा उतरण्याच्या जागेवर फारसा परिणाम नाही. तेव्हा हवा नगण्य होती.

पुढचं ठरलेलं काम कॉसमॉस ४ होतं: २६ ते २९ एप्रिल १९६२, हाच शारिक, फक्त आसनाऐवजी झेनिट या हेरउपग्रहाचे टेहळणी कॅमेरे. तीन दिवसांत नोड ११° सरकतो आणि ड्रॅगसाठी वरच्या थरांचं नीट मॉडेल लागतं. पण वरचा ३.७° लिहिताना लक्षात आलं की त्याने एका दिवसाच्या अंतराने उडालेल्या व्होस्तोक ३ आणि ४ चं गणित आत्ताच करता येईल! दुसऱ्या दिवशी कक्षेचं तेच प्रतल पकडायचं तर पृथ्वीच्या एका फेरीच्या २३ तास ५६ मिनिटांतून आणखी पावणेपंधरा मिनिटं वजा, म्हणजे कालच्यापेक्षा सुमारे साडेअठरा मिनिटं आधी उड्डाण. एका मिनिटाची चूक झाली तर प्रतलं जास्तीत जास्त २६ किमी फाकतात, आणि यानं तर साडेसहा किमीपर्यंत जवळ आली होती. कॉसमॉस ४ एक नोंद पुढे ढकलत आहोत. १२ ऑगस्ट १९६२, मॉस्को वेळ ११:०२, व्होस्तोक ४ च्या उड्डाणापासून मागे जाऊन सुरुवात करू.